शिक्षक की शिक्षकेतर? : महाविद्यालयीन ग्रंथपालाच्या व्यावसायिक दर्जाची ऐतिहासिक वाटचाल
(नेरूळ, नवी मुंबई परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश

महाविद्यालयीन ग्रंथपालाचे स्थान शिक्षकवर्गात की शिक्षकेतर वर्गात, हा प्रश्न वेतनश्रेणीच्या कागदावर सुटला असला तरी प्रत्यक्ष व्यवहारात तो अद्याप सुटलेला नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची ऐतिहासिक पार्श्वभूमी तपासली आहे. बडोदे संस्थानातील ग्रंथालय चळवळ, पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील विद्वान-क्युरेटरची परंपरा, मद्रास विद्यापीठातील डॉ. शि. रा. रंगनाथन यांचा अनुभव आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे वेतनविषयक निर्णय या चार टप्प्यांतून आजचा ग्रंथपाल घडला. ग्रंथपालाला शिक्षकाच्या बरोबरीने नेणाऱ्या प्रत्येक पावलाने त्याच्या हाताखालील सहकाऱ्यांशी असलेले त्याचे अंतर मात्र वाढविले, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : महाविद्यालयीन ग्रंथालय, ग्रंथपाल, ग्रंथालय सहाय्यक, व्यावसायिक दर्जा, वेतनश्रेणी, नेरूळ.

१. प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी नवी मुंबईतील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या एका सहाय्यक भगिनीने प्रस्तुत लेखकाला एक प्रश्न विचारला होता. ग्रंथालयशास्त्रातील पदव्युत्तर पदवी त्यांनी नोकरी सांभाळून पूर्ण केली होती आणि राष्ट्रीय पात्रता परीक्षेची तयारी चालविली होती. त्या म्हणाल्या, "सर, मी नेट झाले तरी या ग्रंथालयात माझी पुढची पायरी कोणती?" त्या वेळी उत्तर देता आले नाही. नियमपुस्तके चाळल्यानंतर जे उत्तर मिळाले ते असे की, पुढची पायरी नाही. त्यांना ग्रंथपाल व्हावयाचे असेल तर पदोन्नतीने होता येणार नाही. पदाची जाहिरात निघाल्यावर बाहेरच्या उमेदवाराप्रमाणे नव्याने अर्ज करावा लागेल आणि पुस्तकांच्या सहवासात घालविलेली मधली वर्षे त्या निवडीत फारशी मोजली जाणार नाहीत.

याच्या उलट बाजूचा अनुभवही प्राध्यापक वाचकांना अपरिचित नसावा. ज्या ग्रंथपालाला कायद्याने शिक्षक म्हटले आहे, तो शिक्षकांच्या खोलीत बसला तर 'आज इकडे कसे?' असा प्रश्न त्याला येतो, आणि कार्यालयात गेला तर 'तुमचे काय, तुम्ही शिक्षक' असे ऐकावे लागते. 'मी नेमका कोण?' आणि 'हा व्यवसाय निवडून मी चूक तर केली नाही ना?' या दोन शंका या पेशातील अनेकांच्या मनात एकत्रच वास करतात. त्या व्यक्तीच्या स्वभावातून निर्माण होतात असे समजणे सोयीचे असले तरी योग्य नव्हे. त्यांना इतिहास आहे आणि तो तपासल्याशिवाय त्यांवर उपाय सुचविता येणार नाही.

२. उद्दिष्टे व मर्यादा

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे तीन आहेत : (अ) पश्चिम भारतातील ग्रंथपालपदाच्या जडणघडणीचे प्रमुख टप्पे नोंदविणे; (आ) शिक्षकांशी समानता देणाऱ्या निर्णयांचा ग्रंथालयाच्या अंतर्गत श्रेणीरचनेवर झालेला परिणाम तपासणे; (इ) नेरूळसारख्या नव्या शैक्षणिक वसाहतीत या इतिहासाचे कोणते रूप दिसते ते पाहणे. लेखाची पद्धती ऐतिहासिक व वर्णनात्मक आहे. सार्वजनिक ग्रंथालयांतील सेवकांचा प्रश्न तितकाच गंभीर असला तरी तो महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ च्या चौकटीतील स्वतंत्र विषय असल्याने येथे घेतलेला नाही.

३. बडोदे : सेवेचा वारसा

भारतात ग्रंथालयकार्याचे पद्धतशीर प्रशिक्षण प्रथम बडोद्यात सुरू झाले. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १९१० मध्ये विल्यम ॲलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले. बोर्डन यांनी बोस्टन येथे चार्ल्स कटर यांच्या हाताखाली काम केले होते आणि मेल्विल ड्युई यांनी १८८७ मध्ये कोलंबिया महाविद्यालयात उघडलेल्या जगातील पहिल्या ग्रंथालय विद्यालयात अध्यापनही केले होते. १९११ मध्ये बडोद्यात त्यांनी प्रशिक्षणवर्ग सुरू केला. १९१२ पासून 'लायब्ररी मिसलेनी' हे नियतकालिक इंग्रजीबरोबर गुजराती व मराठी विभागांसह निघू लागले. म्हणजे ग्रंथालयकार्याविषयी मराठीतून व्यावसायिक लेखन करण्याची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी या चळवळीचा वृत्तान्त १९१९ मध्ये इंग्रजीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. ते बडोदे संस्थानच्या ग्रंथालय खात्याचे क्युरेटर होते.

बडोद्याच्या प्रयोगात ग्रंथपालाची ओळख विद्वान म्हणून नव्हे, तर प्रजेपर्यंत ग्रंथ पोहोचविणारा प्रशिक्षित सेवक म्हणून होती. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाने साक्षर झालेल्या माणसाची साक्षरता टिकावी, हा त्यामागील हेतू होता. तेथे ग्रंथालय हे राज्यकारभाराचे एक खाते होते, त्यामुळे शिक्षकाशी तुलना करण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. कामाचे मोल कामानेच ठरत होते. पुढे विद्यापीठीय व्यवस्थेत ग्रंथपाल आला, तेव्हा ही सेवेची भूमिका त्याच्यासोबत आली खरी; परंतु जेथे प्रतिष्ठा अध्यापन आणि संशोधन यांनाच होती, तेथे 'सेवा' या शब्दाचा अर्थ हळूहळू 'दुय्यम काम' असा होऊ लागला.

४. पुणे व मुंबई : विद्वानाचा वारसा

दुसरी परंपरा विद्वान-क्युरेटरची. पुण्यात १९१७ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली आणि मुंबई सरकारचा हस्तलिखितांचा मोठा संग्रह डेक्कन महाविद्यालयातून तेथे आला. १९१९ पासून पुढील सुमारे चार दशके परशुराम कृष्ण गोडे हे या संस्थेचे क्युरेटर होते. प्राध्यापकपद नव्हे, तर क्युरेटर हेच त्यांचे जीवनपद. हस्तलिखिते देणे-घेणे, त्यांच्या नोंदी ठेवणे, देशोदेशींच्या अभ्यासकांच्या पत्रांना उत्तरे देणे हे त्यांचे दैनंदिन काम होते. त्याच कामातून त्यांनी चारशेहून अधिक शोधनिबंध लिहिले. ग्रंथांचा कालनिर्णय हा त्यांचा मुख्य प्रांत. पण नथ, तंबाखू, दारूकाम अशा नित्याच्या वस्तूंचा इतिहासही त्यांनी हस्तलिखितांतील उल्लेखांवरून उभा केला. हे संशोधन नोंदींच्या कामातूनच निपजले, त्यासाठी त्यांना ग्रंथालयाबाहेर जावे लागले नाही, ही गोष्ट येथे लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मुंबई विद्यापीठातही असाच एक धागा दिसतो. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या फोर्ट येथील ग्रंथालयाच्या इमारतीस आणि राजाबाई मनोऱ्यास विद्यापीठाच्या इतिहासात मानाचे स्थान आहे. त्या ग्रंथालयाचे ग्रंथपाल डॉ. पु. म. जोशी हे दख्खनच्या मध्ययुगीन इतिहासाचे अभ्यासक होते. पुढे ते राज्याच्या पुराभिलेख विभागाचे संचालक झाले आणि हारून खान शेरवानी यांच्यासमवेत त्यांनी संपादित केलेला मध्ययुगीन दख्खनचा इतिहास १९७३-७४ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. विद्यापीठाचे आणखी एक ग्रंथपाल डी. एन. मार्शल यांची मोगलकालीन साधनांची सूची १९६७ मध्ये प्रकाशित झाली. आजही मोगल इतिहासाच्या अभ्यासकाला ती हाताशी लागते.

या परंपरेने ग्रंथपालाला मान मिळवून दिला. परंतु तो मान पदाला नव्हता, व्यक्तीला होता. गोडे यांच्या खुर्चीला प्रतिष्ठा गोडे यांच्यामुळे मिळाली. त्या खुर्चीवर सामान्य कुवतीचा प्रामाणिक मनुष्य बसला असता, तर समाजाने त्याच्याकडे काय म्हणून पाहिले असते? व्यवसायाची घडी अशा सामान्य प्रामाणिक माणसांवरच बसवावी लागते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा प्रश्न अनुत्तरित होता.

५. मद्रास : रंगनाथन यांची शंका

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणून ज्यांचे छायाचित्र प्रत्येक ग्रंथालयात १२ ऑगस्टला पुजले जाते, त्या रंगनाथन यांनी स्वतः हा व्यवसाय सोडण्याचा प्रयत्न केला होता. या घटनेकडे सहसा गमतीची आठवण म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिचे महत्त्व फार मोठे आहे.

रंगनाथन हे मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात गणिताचे अध्यापक होते. मद्रास विद्यापीठाने आपल्या पहिल्या ग्रंथपालाच्या पदाची जाहिरात दिली, तेव्हा अर्ज सुमारे नऊशे आले. पण ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण कोणाचेच नव्हते. रंगनाथन यांना अध्यापनाची गोडी होती, परंतु ग्रंथपालाचे वेतन अध्यापकाच्या वेतनापेक्षा बरेच जास्त होते आणि मित्रांचा आग्रह होता. जानेवारी १९२४ मध्ये ते रुजू झाले. थोड्याच काळात त्या एकांताला ते कंटाळले. विद्यार्थी नाहीत, चर्चा नाही, वाचकही तुरळक. त्यांनी अध्यापनाकडे परत पाठविण्याची विनंती केली. विद्यापीठाने एक तडजोड सुचविली : आधी इंग्लंडला जाऊन या विषयाचे शिक्षण घ्यावे, त्यानंतरही मन रमले नाही तर परत जावे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये डब्ल्यू. सी. बर्विक सेयर्स यांच्याकडे ते शिकले, सुमारे शंभर ग्रंथालये त्यांनी पाहिली आणि १९२५ मध्ये परतले ते कायमचे ग्रंथपाल होऊन. १९३१ मध्ये 'ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त' आणि १९३३ मध्ये 'द्विबिंदू वर्गीकरण' प्रसिद्ध झाले. पुढे १९५० च्या दशकात त्यांनी मद्रास विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी पत्नी शारदा यांच्यासमवेतच्या नावाने एक लाख रुपयांची देणगी दिली.

या घटनेतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, रंगनाथन यांची शंका वेतनातून आलेली नव्हती. वेतन जास्त मिळत असतानाच ती निर्माण झाली. म्हणजे वेतनाने मनुष्य या पदावर येईल, परंतु केवळ वेतनाने तो टिकेल असे नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. शंका व्यक्त करणाऱ्या नवोदिताला विद्यापीठाने कृतघ्न ठरविले नाही. त्याला शिकण्याची संधी आणि परतीचा मार्ग हे दोन्ही दिले. कामाच्या पोटात बुद्धीला आव्हान देणारा काही आशय आहे, हे त्याला समक्ष दिसले तेव्हाच शंका मावळली. आज एखाद्या तरुण ग्रंथपालाने प्राचार्यांसमोर अशीच विनंती केली, तर त्याला कोणते उत्तर मिळेल, याचा वाचकांनीच विचार करावा.

६. समानतेचा प्रवास : वेतनश्रेणीचा इतिहास

स्वातंत्र्योत्तर काळात ग्रंथपालाचा दर्जा व्यक्तीच्या कर्तृत्वावरून काढून पदाच्या श्रेणीवर आणण्याचा प्रयत्न झाला. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने ग्रंथालयाला विद्यापीठाच्या कार्यात मध्यवर्ती स्थान दिले. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९५७ मध्ये रंगनाथन यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय समिती नेमली. ग्रंथालयातील व्यावसायिकांचा दर्जा व वेतन अध्यापक-संशोधकांच्या बरोबरीने असावे, अशी या समितीची शिफारस होती.

शिफारस आणि अंमलबजावणी यांत मोठे अंतर राहिले. मेहरोत्रा समितीच्या अहवालानंतर १ जानेवारी १९८६ पासूनच्या वेतनश्रेणी ठरल्या, तेव्हा शिक्षकांविषयीचे केंद्र सरकारचे पत्र जून १९८७ मध्ये निघाले आणि ग्रंथपाल व शारीरिक शिक्षण संचालकांचे जुलै १९८८ मध्ये. समानता मिळाली, पण वर्षभर मागून आणि वेगळ्या कागदावर. तरीही तिचे महत्त्व कमी नाही. अधिव्याख्याता व महाविद्यालयीन ग्रंथपाल दोघांनाही २२००-४००० रुपये, प्रपाठक व उपग्रंथपाल यांना ३७००-५७०० रुपये, प्राध्यापक व विद्यापीठ ग्रंथपाल यांना ४५००-७३०० रुपये अशी ती रचना होती. १९९६ च्या सुधारणेत (८०००-१३५०० रुपये) आणि सहाव्या व सातव्या वेतन आयोगानंतरच्या रचनेतही प्रारंभिक पातळीवरील ही बरोबरी कायम राहिली. २०१६ पासूनच्या रचनेत सहाय्यक प्राध्यापक आणि महाविद्यालयीन ग्रंथपाल हे दोघेही शैक्षणिक स्तर १० वर, म्हणजे ५७,७०० रुपयांच्या मूळ वेतनावर सेवेत येतात.

महाराष्ट्रात या समानतेला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. महाराष्ट्र विद्यापीठे अधिनियम, १९९४ मध्ये 'शिक्षक' या संज्ञेच्या व्याख्येतच महाविद्यालयीन ग्रंथपालाचा समावेश करण्यात आला. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठे अधिनियमातही हेच सूत्र राहिले आणि विद्यापीठ ग्रंथालयास 'ज्ञानस्रोत केंद्र' हे नवे नाव मिळाले.

मात्र वेतन समान झाले तरी पदनाम समान झाले नाही. सहाव्या वेतन आयोगानंतर अधिव्याख्याता हा सहाय्यक प्राध्यापक झाला आणि पुढील टप्प्यांवर सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक ही नावे त्याला खुली झाली. ग्रंथपाल मात्र 'महाविद्यालयीन ग्रंथपाल', नंतर 'वरिष्ठ श्रेणी', नंतर 'निवड श्रेणी' असाच राहिला. तीस वर्षांच्या सेवेत त्याच्या दारावरील पाटी बदलत नाही. पाटीला इतके महत्त्व कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु पाटी बदलण्याचा आनंद ज्यांनी स्वतः अनुभवला आहे, त्यांनी तरी तसे म्हणू नये.

मूल्यमापनाचे निकष पाहिले म्हणजे दुसरी विसंगती दिसते. २०१८ च्या विनियमांत ग्रंथपालाच्या पदोन्नतीसाठी जे निकष दिले आहेत, त्यांत शोधनिबंध, परिसंवाद व अल्पमुदतीचे अभ्यासक्रम आहेत आणि त्याच तक्त्यात ग्रंथसाठ्याची पडताळणी व गहाळ पुस्तकांचे प्रमाण यांचाही समावेश आहे. म्हणजे एकाच व्यक्तीकडून विद्वानाची, शिक्षकाची आणि कोठाराच्या रखवालदाराची अपेक्षा एकाच वेळी केली जाते. केंद्र सरकारच्या २००५ व २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत वर्षभरात देवघेव झालेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची हानी स्वाभाविक मानली आहे. तरीही सेवानिवृत्तीच्या वेळी गहाळ पुस्तकांचा हिशोब आपल्याकडून वसूल होईल की काय, या भीतीपोटी कपाटांना कुलूप लावून ठेवणारे ग्रंथपाल आपण पाहिलेले असतात. वाचकाला ग्रंथापर्यंत मुक्त प्रवेश असावा, हा रंगनाथन यांचा आग्रह होता. रंगनाथन यांचे नाव घेणाऱ्या ग्रंथालयातच तो आग्रह अशा भीतीने निष्प्रभ होतो.

७. एक दालन, दोन नियमावल्या

वरील प्रवास ग्रंथपालाचा झाला. ग्रंथालयातील इतरांचे काय झाले? ग्रंथालय सहाय्यक, ग्रंथालय परिचर यांना या समानतेचा स्पर्श झाला नाही. राज्यातील अकृषी विद्यापीठे व संलग्न महाविद्यालयांतील शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती १९८४ च्या प्रमाण संहितेने ठरतात आणि ग्रंथालयातील ही पदे त्या संहितेखाली येतात. परिणामी एकाच दालनात, एकाच टेबलाभोवती काम करणारी माणसे दोन वेगवेगळ्या कायदेशीर जगांत राहतात. ग्रंथपाल शिक्षक, त्याने शिकविलेला, कदाचित त्याच्याइतकीच पदवी असलेला सहाय्यक शिक्षकेतर.

या विभाजनामागे एक आंतरराष्ट्रीय विचारधारा आहे. अमेरिकेत चार्ल्स विल्यम्सन यांनी कार्नेगी कॉर्पोरेशनसाठी केलेला ग्रंथालय प्रशिक्षणाचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रंथालयातील व्यावसायिक काम व लेखनिकी काम यांची स्पष्ट फारकत करावी, व्यावसायिकांचे शिक्षण विद्यापीठात व्हावे, असे त्यांचे म्हणणे होते. व्यवसायाच्या प्रतिष्ठेसाठी ही फारकत त्या काळी आवश्यक होती. आपणही ती स्वीकारली. परंतु येथील परिस्थितीत एक गोष्ट निराळी घडली. मुंबईत विद्यापीठाचा ग्रंथालयशास्त्र विभाग आणि श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे १९६१ पासूनचे ग्रंथालयशास्त्र विद्यालय, पुढे दूरशिक्षणाद्वारे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ व इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ अशा मार्गांनी ग्रंथालयशास्त्राची पदवी सहाय्यकांपर्यंत पोहोचली. शिक्षणाची दरी बुजली. सेवानियमांची भिंत तशीच राहिली. विल्यम्सन यांनी शिक्षणाच्या आधारे जी रेषा आखली होती, ती आपल्याकडे शिक्षणाला न जुमानणारी रेषा बनली.

याचे परिणाम कामावर होतात. वर्गीकरण व तालिकीकरण ही व्यावसायिक कामे म्हणून ग्रंथपालाच्या नावे मांडली जातात. प्रत्यक्षात ती अनेक ठिकाणी सहाय्यकाच्या हातून होतात. वाचकाच्या प्रश्नाला पहिले उत्तर देणारा मनुष्य देवघेव खिडकीवरचा असतो. दुसरीकडे ग्रंथपालाचा वेळ अहवाल, समित्या आणि मूल्यांकनाची कागदपत्रे यांत जातो. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रमाणन परिषदेची समिती यायची असली की ग्रंथालयाला रंग लागतो, फलक लागतात, आकडे जुळतात. समिती गेल्यानंतर खिडकीवरचा मनुष्य मात्र तेथेच असतो.

८. नेरूळ : नव्या वसाहतीतील जुना प्रश्न

आता या इतिहासाचा नेरूळशी संबंध पाहू. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली आणि ठाण्याच्या खाडीकाठची आगरी-कोळ्यांची गावे नियोजित शहराच्या नकाशात आली. नेरूळ हे त्यांपैकीच एक. १९९२ मध्ये नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली आणि १९९३ मध्ये लोकल गाडी नेरूळपर्यंत पोहोचली. ठाण्याला १८९३ पासूनचे मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, मुंबईला १८९८ पासूनचे. तशी जुनी ग्रंथपरंपरा या वसाहतीला वारशाने मिळालेली नव्हती. येथे ग्रंथालये आली ती प्रामुख्याने महाविद्यालयांबरोबर.

महाविद्यालये कोणत्या काळात आली, हे महत्त्वाचे आहे. १९८३ मध्ये राज्य शासनाने विनाअनुदान तत्त्वावर व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी देण्याचे धोरण स्वीकारले. त्यानंतर नेरूळमध्ये डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय (१९८९), तेरणा अभियांत्रिकी महाविद्यालय (१९९१), एसआयईएस संस्थेचे तंत्रज्ञान महाविद्यालय (२००२) अशा संस्था उभ्या राहिल्या. २००२ मध्येच डी. वाय. पाटील संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अवघ्या दीड दशकात हे गाव वैद्यक, तंत्रविद्या, व्यवस्थापन आणि कला-विज्ञान-वाणिज्य या सर्व शाखांचे केंद्र झाले.

या घडामोडींमुळे ग्रंथपालाच्या दर्जाचा प्रश्न येथे अधिक गुंतागुंतीचा झाला. चालत जाता येईल अशा अंतरावरील तीन ग्रंथालयांचे निकष तीन निरनिराळ्या शिखर संस्थांकडून येतात. कला-विज्ञान-वाणिज्य महाविद्यालयाला विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम, अभियांत्रिकी महाविद्यालयाला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे मानदंड आणि वैद्यकीय महाविद्यालयाला पूर्वी भारतीय वैद्यक परिषदेचे व २०२० पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे. तीन ग्रंथपालांनी एकच अभ्यासक्रम एकाच विद्यापीठात पूर्ण केलेला असू शकतो. मात्र त्यांचे सेवाजीवन तीन निराळ्या चौकटींत व्यतीत होते. अनुदानित महाविद्यालयात वेतनश्रेणी शासनाच्या तिजोरीतून येते. विनाअनुदानित संस्थेत ती शुल्काच्या उत्पन्नावर, म्हणजे शेवटी व्यवस्थापनाच्या कुवतीवर आणि इच्छेवर अवलंबून असते. ज्या समानतेसाठी १९५७ पासून प्रयत्न झाले, ती अशा ठिकाणी हक्काऐवजी सौजन्याचा विषय बनण्याचा धोका असतो. हा धोका कोणा एका संस्थेपुरता मर्यादित नाही. विनाअनुदान धोरणाच्या रचनेतच तो आहे, आणि अशा संस्थांतील शिक्षकालाही तो तितकाच परिचयाचा आहे. या मुद्द्यावर शिक्षक व ग्रंथपाल यांचे हितसंबंध एकच आहेत.

दुसरीकडे, गेल्या दोन दशकांत शिक्षकाचे ग्रंथपालावरील अवलंबित्व वाढले आहे. अहमदाबाद येथे १९९१ मध्ये सुरू झालेल्या व आता गांधीनगर येथे असलेल्या इन्फ्लिबनेट केंद्राने २०१० मध्ये एन-लिस्ट योजना कार्यान्वित केली आणि महाविद्यालयांना हजारो ई-नियतकालिके उपलब्ध झाली. वाङ्मयचौर्यास आळा घालणारे आयोगाचे विनियम २०१८ मध्ये आले आणि शोधप्रबंधाची साम्य-तपासणी अनेक ठिकाणी ग्रंथालयाकडे आली. आयोगाची नियतकालिकांची 'केअर' सूची २०१९ मध्ये कार्यान्वित झाली व २०२५ मध्ये बंद झाली. त्या दरम्यान कोणते नियतकालिक सूचीत आहे, याची विचारणा करण्यासाठी प्राध्यापकांनी ग्रंथपालाचेच दार ठोठावले. ज्याच्या सल्ल्यावर शिक्षकाची पदोन्नती अंशतः अवलंबून आहे, त्याच्या स्वतःच्या पदोन्नतीविषयी शिक्षकवर्ग उदासीन असावा, ही खेदाची बाब आहे.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) महाविद्यालयीन ग्रंथपालाच्या पदात सेवक, विद्वान आणि शिक्षक अशा तीन भूमिका एकत्र आल्या आहेत. त्या निरनिराळ्या काळात, निरनिराळ्या हेतूंनी आल्या आणि त्यांची सांगड जाणीवपूर्वक घातली गेली नाही. ग्रंथपालाच्या मनातील अनिश्चिततेचे मूळ या न सांधलेल्या इतिहासात आहे.

(२) शिक्षकांशी समानता ही न्याय्य व आवश्यक होती. परंतु ती शिक्षकाच्या मापाने मोजलेली समानता होती. ग्रंथालयकार्य हे स्वतःच शैक्षणिक कार्य आहे, या पायावर ती उभी राहिली नाही. गोडे यांचे उदाहरण दाखविते की, नोंदी, सूची आणि संदर्भसेवा यांतूनच अस्सल संशोधन घडू शकते.

(३) ही समानता दालनाच्या एका टोकाला थांबली. पात्रता असलेल्या सहाय्यकाला वरच्या पदाकडे नेणारा मार्ग नसणे, हा आजच्या श्रेणीरचनेतील सर्वांत मोठा दोष आहे.

(४) रंगनाथन यांच्या अनुभवावरून असे दिसते की, व्यवसायाविषयीची शंका ही अपात्रतेची खूण नसते. तिला शिक्षणाची व अनुभवविस्ताराची संधी मिळाली, तर तीच व्यवसायाच्या विकासाला कारण होऊ शकते.

१०. सूचना

शासन व आयोग यांच्या पातळीवरील सुधारणांना वेळ लागेल. काही गोष्टी मात्र महाविद्यालयाच्या आवारात, प्राध्यापकांच्या सहकार्याने आजही करता येतील. ग्रंथपालाने तयार केलेल्या विषयसूची व साधनसूची यांना महाविद्यालयाच्या संशोधन अहवालात शोधनिबंधाइतके स्थान द्यावे. विभागांच्या अभ्यासक्रमविषयक बैठकांना ग्रंथपालाला निमंत्रण असावे. ग्रंथसाठ्याच्या पडताळणीत मान्य हानीची मर्यादा लेखी ठरवून द्यावी, म्हणजे कपाटे उघडी राहतील. नेरूळ परिसरातील वैद्यकीय, तंत्र व कला-विज्ञान-वाणिज्य महाविद्यालयांच्या ग्रंथालयांनी नवोदित ग्रंथपाल व सहाय्यकांना काही आठवडे एकमेकांकडे काम करण्याची संधी द्यावी. रंगनाथन यांना शंभर ग्रंथालये पाहावयास मिळाली, आपल्या सहाय्यकांना निदान तीन तरी मिळावीत. पात्रताधारक सहाय्यकांची सेवा ग्रंथपालपदाच्या निवडीत अनुभव म्हणून मोजली जावी, यासाठी शिक्षक संघटनांनी आपल्या मागण्यांत या मुद्द्याचा समावेश करावा. ग्रंथपाल हा शिक्षक आहे असे कायदा म्हणतो, तर त्याच्या दालनातील अन्यायही शिक्षकांच्या संघटनेचा विषय ठरतो.

प्रस्तावनेत उल्लेखिलेल्या भगिनी पुढे राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाल्या. हा लेख लिहीत असताना त्या अद्याप त्याच खिडकीवर आहेत. त्यांच्या प्रश्नाला आजच्या नियमांत उत्तर नाही. ते उत्तर घडविण्याचे काम ज्यांच्या हाती आहे, त्यांत या नियतकालिकाचा प्राध्यापक वाचकवर्गही आहे.